निवडीचा मुहूर्त

फोंड्याच्या बाजारात एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर माझा स्टुडिओ आहे. पाटीवर तसे लिहिले आहे म्हणून मी स्टुडिओ म्हणतो. प्रत्यक्षात ती 10 बाय 14 फुटांची खोली असून तिच्यात एक पांढरा पडदा, प्रकाश मऊ करणारे दोन सॉफ्टबॉक्स दिवे, एक संगणक आणि तयार होऊनही कोणी न नेलेले तीन लग्नांचे अल्बम एवढाच ऐवज आहे. त्या अल्बमांवरची धूळ मी दर शनिवारी पुसतो, कारण त्यांतली जोडपी उरलेले पैसे घेऊन कधी ना कधी जिना चढतील अशी माझी श्रद्धा आहे, आणि श्रद्धा जोपासायला फोंडा तालुक्यासारखी जागा गोव्यात दुसरी नाही.

मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी असा देवस्थानांचा शेजार असल्यामुळे माझे बहुतेक काम देवळांच्या सभागृहांतल्या लग्नांचे असते. मागच्या फेब्रुवारीतले असेच एक लग्न माझ्या मानगुटीवर बसले, त्याची ही हकिगत आहे.

लग्नात फोटोग्राफरची खरी परीक्षा अंतरपाट दूर होतो त्या क्षणी असते. मंगलाष्टके संपतात, भटजी ‘सावधान’ म्हणतात, अक्षता उडतात आणि वधूवर एकमेकांकडे पाहतात. हे सारे दोन-तीन सेकंदांत उरकते आणि माझ्या कॅमेऱ्याला त्यातला अडीचशेवा भाग पुरतो. मी जागा धरून, श्वास रोखून उभा होतो. नेमक्या त्या घटकेला इंग्लंडहून आलेल्या वराच्या चुलतभावाने पाटाएवढा टॅब्लेट माझ्या लेन्ससमोर उंच धरला. परिणामी माझ्या छायाचित्रात वधूवर नाहीत, टॅब्लेट आहे. मात्र टॅब्लेटच्या पडद्यावर वधूवर आहेत, आणि हे कबूल करताना जिवावर येते, पण त्यांची चौकट अगदी नेटकी जमली आहे.

पुढचे विधी, सप्तपदी, होमाचा धूर, वेणीतली अबोली, मुलीच्या आईचे डोळे पुसणे, हे सारे रीतसर टिपले. जेवणाच्या शेवटच्या पंगतीला आम्ही बसलो तेव्हा खतखत्यातल्या भाज्या आमच्या आधीच मार्गस्थ झाल्या होत्या, परंतु धंद्याच्या या अंगाविषयी माझी आता तक्रार उरलेली नाही.

घरी येऊन मोजले तर 2,846 छायाचित्रे भरली. एकेक रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातली कच्ची, फाइल सुमारे 28 मेगाबाइटांची, म्हणजे जवळपास 80 गिगाबाइटांचा संसार. तो मी दोन वेगवेगळ्या डिस्कांवर ठेवला, बरेवाईट वेगळे केले, रंग सुधारले आणि तीन आठवड्यांत 900 छायाचित्रे वधूपित्याकडे सुपूर्द केली. आता त्यांनी यातली 150 निवडायची, मी त्यांचा 12 बाय 36 इंचांचा अल्बम करायचा आणि त्यांनी अल्बम हाती घेऊन उरलेले चाळीस टक्के द्यायचे, असा करार होता. हा करार मी स्वतः, शुद्धीवर असताना लिहिला होता. पैसे अल्बमवर आणि अल्बम निवडीवर टांगून ठेवला की निवड कशावर टांगली जाते, याचा विचार मी केला नव्हता.

ती आत्याच्या डोळ्यांवर टांगली गेली. वराची आत्या ही त्या घराण्यातली वडीलधारी, मानाची बाई. आणि प्रत्येक सामूहिक छायाचित्रात तिचे डोळे मिटलेले होते. सहसा असे एखाददुसऱ्या फोटोत होते, म्हणून मी एकेक समूह पाच-पाच वेळा टिपतो. परंतु या माउलीला क्लिक होण्यापूर्वी अर्धा क्षण आगाऊ सूचना मिळत असावी. निवडीसाठी कुटुंबाने व्हॉट्सअॅपवर 41 जणांचा गट काढला आणि त्यात मलाही घेतले, ही त्यांची कृपा. वराच्या मामांनी पहिल्याच दिवशी 63 छायाचित्रे निवडून दिली; त्या सर्वांत सामायिक गोष्ट मामा हीच होती. वधूच्या मावशीने ‘इल्लें गोरें कर मरे’ अशी सूचना केली, पण कोणाला गोरे करायचे ते सांगितले नाही. टॅब्लेटच्या छायाचित्राला मात्र 29 अंगठे मिळाले आणि ‘किती कल्पक!’ असा अभिप्राय आला, त्यावर मी मौन पाळले.

मार्च गेला, एप्रिल गेला. मी आठवण केली की वधूपिता अत्यंत प्रेमाने ‘फाल्यां सांगतां’ म्हणत. गोव्यात ‘फाल्यां’ हा शब्द उद्या या अर्थाने वापरतात असे बाहेरच्या माणसाला वाटते. आम्ही येथे जन्मलेले लोक त्याचा अर्थ ‘विषय ऐकला’ इतकाच घेतो.

दरम्यान पोटासाठी अन्य कामे चालूच होती. त्यांतले सर्वांत छळवादी काम म्हणजे हॉटेलांच्या मेनूकार्डाचे. पर्यटकांचा हंगाम असतो तेव्हा हॉटेलवाल्याला श्वास घ्यायला फुरसत नसते, म्हणून तो मला जूनमध्ये बोलावतो. आणि 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. म्हणजे मासळीच्या ताटाचे छायाचित्र काढण्याचा मुहूर्त बरोबर मासळी नसण्याच्या दिवसांत निघतो. यंदा बर्फातून बाहेर काढलेल्या इसवणाच्या, म्हणजे सुरमईच्या, एकाच तुकडीला मी चार कोनांतून चार पदार्थ बनवले. रव्यात तळलेली तुकडी दिव्यांखाली दहा मिनिटांत निस्तेज होते, तिला ब्रशने तेल लावून शुद्धीवर आणावे लागते. सोलकढीतले नारळाचे दूध तेवढ्याच वेळात पाण्यापासून वेगळे होऊ लागते, ती सारखी ढवळावी लागते. आणि हॉटेलचे मांजर पायांत घोटाळते, त्याला काहीच करता येत नाही. काम झाल्यावर मालकाने मला कायदा ऐकवला. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक काढून घेणारा असतो, काढणारा नव्हे. माहिती अचूक होती. निम्मा मोबदला थकलेला असल्यामुळे निम्मे ताट माझे धरावे काय, असे मी नम्रपणे विचारले. त्याने इसवणाची शेपटी माझ्याकडे सरकवली.

फेणीच्या बाटलीची कथा निराळी. काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, लेबले देखणी झाली, पण काच ती काचच. ती समोरचे सारे जग दाखवते, आणि समोरचे जग म्हणजे बहुधा माझे पोट. दोन बाजूंना पांढरा कागद, कडांना काळे पुठ्ठे आणि मधल्या भोकातून डोकावणारी लेन्स अशा तटबंदीत अर्धा दिवस घालवल्यावर ग्राहक म्हणाला, ‘आमच्या पुतण्याने मोबाइलवर काढला होता, तोही बरा होता.’

पावसाळ्यात आणखी एक शत्रू येतो, तो म्हणजे बुरशी. येथल्या दमट हवेत लेन्सच्या आतल्या काचेवर ती जाळे विणते, आणि लेन्स उघडून साफ करण्याचा खर्च लेन्सच्या किमतीशी स्पर्धा करतो. आर्द्रता आटोक्यात राखणारे यंत्र घेण्यापूर्वी मी लाकडी कपाटात चाळीस वॅटचा दिवा अहोरात्र जळत ठेवी. घरातल्या माणसांना उकडत असताना काचेला ऊब कशासाठी, हा आईचा प्रश्न वाजवी होता. त्या वधूपित्याच्या चाळीस टक्क्यांतून हे यंत्र घेण्याचा माझा बेत होता. शेवटी ते हप्त्यांवर घेतले.

निवड चतुर्थीनंतर होणार होती. चतुर्थीत तिसऱ्याच एका घरी मी माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या मांडवीचे, फोटो काढत असताना कळले की ती आता दिवाळीनंतर होईल. दिवाळीनंतर तुळशीचे लग्न आले आणि तुळशीच्या लग्नानंतर माणसांची लग्ने सुरू झाली, तेव्हा मलाच वेळ राहिला नाही. स्टुडिओतल्या तीन अल्बमांशेजारी चौथ्याची जागा मी मनातल्या मनात पुसून ठेवली.

जानेवारीत वधूपित्यांचा फोन आला. आवाजात विलक्षण उत्साह होता. अखेर 150 ठरले, असे मला वाटले. ते म्हणाले, ‘आयतारा बारसें आसा. तुवें येवंकच जाय.’

मी गेलो. पाळणा सजवला होता, त्याला अबोलीच्या माळा होत्या आणि आत या साऱ्या विलंबाचा एकमेव सयुक्तिक खुलासा झोपला होता. नाव ठेवून झाल्यावर वधूपित्यांनी मला बाजूला घेतले आणि खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. त्यावर आकडे होते. मी मोजले, 128 होते.

‘उरलेले बावीस?’ मी विचारले.

‘ते आजचे घाल मरे,’ ते म्हणाले. ‘पाने उरतात तर वेगळा अल्बम कशाला करायचा? बाळाचे त्यातच येऊ देत.’

‘आणि बाकीची रक्कम?’

‘दोन्हीचे एकदमच दितां. फाल्यां.’

कागदावर सर्वांत वर टॅब्लेटच्या छायाचित्राचा क्रमांक होता आणि त्यापुढे ‘पूर्ण पान’ असे ठळक लिहिले होते. तेवढ्यात आतून हाक आली की सगळी माणसे जमली आहेत, एक सामूहिक फोटो होऊन जाऊ दे. मधल्या खुर्चीवर बाळाला मांडीवर घेऊन आत्या बसली होती, डोळे टक्क उघडे, जणू या क्षणासाठीच तिने अकरा महिने सराव केला असावा. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि तीनपर्यंत मोजले.

बाळाने डोळे उघडले. आत्याने मिटले.