वाडा विकायचाय, वासे नव्हे

एकदाचं स्पष्ट सांगून टाकते. आमचा वाडा विकायला आहे. अख्खा. बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या पायथ्याला, धारूरच्या अंगाला, गावापासून चांगला दीड कोस आत. वाडा, बारव (पायऱ्यांची विहीर), ३० एकर रान आणि पाठीमागचा १६ एकर डोंगर, झाडाझुडपांसकट. आईची सही, भावाची सही, चुलत्यांच्या सह्या, सगळं जुळवून बसलेय. (चुलत्यांच्या सह्या कशा मिळवल्या ते विचारू नका, बीपीची गोळी चालू झालीय.) गिऱ्हाइकांचीही कमी नाही. रविवार आला की धुरळा उडवत गाडी येतेच. फक्त त्यातल्या एकालाही अख्खं नकोय.

एक पुण्याचा आला. ढाळजेत, म्हणजे दरवाज्याच्या आतल्या ओसरीवर बसला, पाणी प्याला, मान वर करून बराच वेळ खांबांकडं बघत राहिला. मला वाटलं, चला, एक तरी रसिक माणूस भेटला. तर त्यानं खिशातून टेप काढला! खांबांचा घेर घेतला, तुळयांची लांबी घेतली, कडीपाटाला, म्हणजे वरच्या लाकडी छताला नख लावून बघितलं, दिंडीदरवाज्याच्या पितळी फुल्या मोजल्या. मग म्हणाला, "सागवान चांगलंय. लाकडाचे एवढे देतो, दरवाज्याचे वेगळे. बाकी मातीचं तुमचं तुम्ही बघा." कुणाच्या तरी फार्महाऊसला म्हणे 'पारंपरिक लुक' द्यायचाय. अरे, खांब काढून नेल्यावर वाडा उभा कशावर राहणार, माझ्या डोक्यावर?

त्यानं सोडलेली माती न्यायलाही माणूस हजर. गढीची पांढरी माती रानात टाकली की पीक जोमात येतं, हे इकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. शेजारच्या गावचा ट्रॅक्टरवाला दर उन्हाळ्यात फोन करतो, "अक्का, मागचा बुरूज पडायलाच आलाय की, चार ट्रॉल्या नेऊ का?" पडायला आलेला नाही बाबा, तू वाट बघायलास.

पण सगळ्यात डोक्यात जातात ते गुप्तधनवाले. जुना वाडा म्हटला की यांच्या डोळ्यांपुढं हंडेच नाचतात. एक धोतरवाले गृहस्थ आले, सोबत तेरा-चौदा वर्षांचं एक पोरगं. जमीन नाही बघितली, विहीर नाही बघितली, चपला काढून सरळ माजघरात. टाच आपटत आपटत एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत गेले आणि बळदापाशी थांबले.

"इथं पोकळ वाजायलंय."

"बळद आहे ते. ज्वारी ठेवायचं. पोकळच वाजणार."

"तसं नाही ताई, पण कधी काही सापडलं असंल ना?"

पोरगं पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेलं, होतं म्हणे, अशाला पुरलेलं धन दिसतं म्हणून आणलेलं. ते बिचारं भिंतीला टेकून मोबाइल बघत होतं. जाताना गृहस्थ विचारतात, पुढच्या अमावास्येला रात्री मुक्कामाला आलो तर चालंल का! अहो, या घरात धन असतं तर माझ्या बापानं सोसायटीचं कर्ज फेडायला विहिरीवरची मोटार विकली असती का? डोंगरात चंदनाची झाडं होती, तेवढंच आमचं धन. तेही चोरांनी रातोरात कापून नेलं. बुडखे ठेवले, आणि पंचनाम्याला मला बोलावलं.

डोंगराचा तर वेगळाच तमाशा. सीताफळ, पळस, धावडा, खैर, ओढ्याच्या काठानं जांभळं. मराठवाड्यात अशी दाट झाडी किती ठिकाणी उरलीय, सांगा बरं. तरी व्यवहाराला बसलेला प्रत्येक जण सातबाऱ्यावर बोट ठेवून म्हणतो, "हा तर पोटखराबा, लागवडीला नालायक. याचे पैसे कशाचे?" म्हणजे फोटो काढताना ते जंगल, मोर दिसला की व्हिडिओ, आणि भाव करताना पोटखराबा. शिवाय परत जाताना पिशवीभर सीताफळं तोडून नेतात ती कोणत्या खराब्यातली?

उलट टोकाची मंडळी म्हणजे रिसॉर्टवाले. एक जोडपं आलं, दोघंही कंपनीत मोठ्या पगारावर. झाडीत तंबू लावू, तिथं कॉटेज, इथं स्विमिंग पूल. मी म्हटलं, हे जंगल आहे. सुप्रीम कोर्टानं १९९६ मध्येच सांगून ठेवलंय, मालकी कुणाची का असेना, जंगल ते जंगल. तिथं दुसरं काही करायचं तर केंद्राची परवानगी लागते. खैर, चंदन, जांभूळ तर स्वतःच्या बांधावरचं असलं तरी विचारल्याशिवाय तोडता येत नाही, १९६४ चा कायदा आहे. बरं, तुमच्या नावावर कुठं सातबारा आहे का? शेतकरी नसाल तर शेतजमिनीचं खरेदीखतच होत नाही. दोघं एकमेकांकडं बघायला लागले. साडेतीनशे किलोमीटर गाडी हाणत आले, आणि हे एक फोनवर विचारायचं सुचलं नाही.

दलालांचं तर काय सांगू. भाव मला विचारायचा सोडून आमच्या सालगड्याला विचारतात, कारण त्याच्या डोक्यावर टोपी आहे आणि मी बाईमाणूस. "ताई, घरात कुणी मोठं नाही का?" मी पन्नाशीची आहे हो, अजून किती मोठी होऊ? आणि सगळ्यांची अक्कल एकच: प्लॉट पाडा. २० गुंठ्यांच्या खाली जिरायतीचा तुकडा विकता येत नाही म्हटलं की डोळा मारतात, "नोटरीवर करू ना." तुम्ही दोन टक्के घेऊन मोकळे, कोर्टात मी! त्यात आमचं चार एकर निजामाच्या काळातलं मदतमाश इनाम (निर्वाहासाठी दिलेली जमीन), वर्ग-२. १९५४ च्या कायद्यानं इनामं गेली, पण 'परवानगीशिवाय हस्तांतर नाही' हा शेरा आमच्या सातबाऱ्यावरून अजून गेलेला नाही. मी तो आधीच सांगते, कागद दाखवते. तर हेच दलाल बाहेर जाऊन "तिच्या जमिनीत लफडं आहे" म्हणून भाव पाडतात.

चिडत नाही ती फक्त एका म्हातारीवर. औशाकडून लेकाबरोबर आली होती. तिनं रान बघितलं, बारव बघितली, मग माळवदाकडं, म्हणजे मातीच्या सपाट छताकडं बघितलं आणि ढाळजेत पाऊलच टाकेना. "दगडामातीचं आहे गं बाई, नको." ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात किल्लारीला काय झालं, ते आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. त्यानंतर कितीतरी घरांची माळवदं उतरली, वर पत्रे आले. तिला मी चहा अंगणातच दिला. तिनं भाव पाडला नाही, काही मागितलं नाही, सरळ नाही म्हणाली. असं सरळ नाही म्हणायला बाकीच्यांना काय होतं?

तर ज्यांना खरंच घ्यायचंय त्यांनी आधी आपला सातबारा पाठवावा. खांबाचे, दाराचे, मातीचे, डोंगराचे सुटे भाव विचारू नयेत. अमावास्येला तर मुळीच येऊ नये. रविवारीही नको, त्या दिवशी गड्याला सुट्टी असते आणि गेट मलाच उघडावं लागतं. आणि सीताफळं यंदा व्यापाऱ्याला दिलीत, पिशवी घेऊन येऊ नका.