गालिक कविता मराठीत आणताना मधे इंग्रजी कशाला?

लॉकडाऊनमध्ये मी डुओलिंगो या भाषा शिकवणाऱ्या ॲपवर स्कॉटलंडची गालिक भाषा शिकायला घेतली. एके दिवशी वाक्य आलं, 'हा ल्योअर अकम'. शब्दाला शब्द लावला तर 'आहे पुस्तक माझ्यापाशी'. अहो, हे तर आपलंच! इंग्रजीतल्या 'हॅव'सारखं क्रियापद या भाषेत नाहीच. पुढच्या धड्यात भूक आली. तिथे ती माणसावर येऊन बसते, आपल्याला ती लागते. इंग्रजीत मात्र माणूस स्वतःच 'हंग्री' असतो.

हे आठवलं, कारण नुकतेच एका परिचितांनी केलेले गालिक कवितांचे मराठी अनुवाद वाचले. सगळे इंग्रजीवरून. मनापासून केलेलं काम आहे, तरी वाईट वाटलं. जे आपल्या दोन भाषांत आधीच सारखं होतं, तेच इंग्रजीतून येताना गळून गेलं होतं.

गालिक कवितेची पुस्तकं बहुधा अशी असतात: एका पानावर गालिक, समोर इंग्रजी, तेही बऱ्याचदा कवीनेच केलेलं. माझीसुद्धा नजर अडखळली की लगेच इंग्रजीकडे पळते, आणि मग मूळ ओळ नुसती नक्षीसारखी पानावर उरते. क्रिस्टोफर व्हाइट हे स्वतः गालिकमध्ये लिहिणारे कवी. कवीने आपल्याच कवितेचं इंग्रजी करण्याविरुद्ध त्यांनी २००२ मध्ये सडेतोड लेख लिहिला होता. मला त्यांचं पटतं. पण कवींची अडचणही दिसते. २०२२ च्या जनगणनेत स्कॉटलंडमध्ये गालिक बोलणारे सुमारे ७० हजार निघाले. तेवढ्यातून कवितेचे वाचक किती मिळणार?

आणि तरीही ही मंडळी लिहितायत! स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या लुईस बेटावर जन्मलेले पीटर मकाय डिसेंबर २०२४ मध्ये स्कॉटलंडचे राष्ट्रकवी, म्हणजे 'मकार' झाले. गालिकमध्ये लिहिणाऱ्या कवीला हा मान पहिल्यांदाच मिळाला. मार्कस मॅक अन टूर्निर हे गालिक कवी तर इंग्लंडमधल्या यॉर्कचे. ग्लासगोने २०१९ मध्ये नील ओ'गॅलहर यांना शहराचे गालिक कवी म्हणून नेमलं. यातल्या कित्येकांना भाषा आईकडून मिळालेली नाही, ती त्यांनी शिकून घेतलीय. 'ही काही बेटांवरची खरी गालिक नव्हे' असं कुणी म्हटलं की मला राग येतो. एडिनबरात जन्मलेल्या मेग बेटमन याही शिकूनच कवयित्री झाल्या, आणि आज त्यांच्याशिवाय गालिक कवितेची गोष्टच सांगता येत नाही.

पण एक गोष्ट सलते. ज्या पश्चिम बेटांत ही भाषा सगळ्यांत जास्त टिकून आहे, तिथेच त्याच जनगणनेत गालिक बोलणारे निम्म्याहून कमी झाले. कविता शहरात फुलतेय आणि तिकडे स्वयंपाकघरातली गालिक ओसरतेय.

म्हणून म्हणते, आपण तरी इंग्रजीचं पान झाकून वाचूया. मी मकाय यांची एक छोटी कविता घेतलीय, शब्दकोश उघडून, दिवसाला दोन ओळी. सोबत कुणाला यायचं असेल तर खाली लिहा, रविवारी सकाळी ऑनलाइन बसू.