‘रंगाचे जनुक’ नावाची गोष्ट: समुद्री जिवाणूंविषयीच्या एका दाव्याचा प्रतिवाद

समाजमाध्यमांवर वरचेवर फिरणाऱ्या एका मजकुराचा गोषवारा असा आहे: समुद्रातील रंगीत जिवाणूंमध्ये ‘रंगाचे जनुक’ असते, ते काढून ई. कोलाय या प्रयोगशाळेतल्या जिवाणूत बसवले की हवा तो रंग मिळतो. जिवाणू पांढरा दिसला तर त्याच्याकडे ते जनुक नाही असे समजावे. रंगाचे काम उन्हापासून रक्षण करणे एवढेच असते. आणि हा रंग नैसर्गिक, म्हणून निर्धोक असल्यामुळे कापडधंद्यातील रासायनिक रंग लवकरच हद्दपार होणार आहेत. पुरावा म्हणून लोणारच्या गुलाबी पाण्याचे छायाचित्र जोडलेले असते. ते आधी बाजूला ठेवू. जून २०२० मध्ये लोणारला आलेला रंग हॅलोआर्किया या क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांचा होता, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून सांगितले होते. आर्किया हा जिवाणूंहून वेगळा जीवसमूह आहे, आणि लोणार म्हणजे समुद्रही नव्हे.

आता मुख्य दावा. व्हायोलॅसिन हे गडद जांभळे रंगद्रव्य स्यूडोअल्टेरोमोनस ल्युटिओव्हायोलॅसिया हा समुद्री जिवाणू तयार करतो. माती आणि गोड्या पाण्यातला क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलॅसियम हाही तेच करतो, आणि या रंगाच्या जनुकांचा बराचसा अभ्यास या दुसऱ्या जिवाणूवर झालेला आहे. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाच्या दोन रेणूंपासून व्हायोलॅसिन बनते आणि त्यासाठी व्हायो-ए ते व्हायो-ई अशी पाच जनुके लागतात. पहिल्याचे विकर, म्हणजे त्या जनुकावरून बनणारे आणि रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, ट्रिप्टोफॅनचे ऑक्सिडीकरण करते, दुसऱ्याचे विकर असे दोन रेणू जोडते, व्हायो-ईचे विकर त्या जोडीतील एका इंडोल कड्याची जागा बदलते आणि शेवटी व्हायो-डी व व्हायो-सी यांची विकरे ऑक्सिजन चढवतात. व्हायो-डी आणि व्हायो-सी काढून टाकली तर जांभळ्याऐवजी हिरवट द्रव्य उरते. व्हायो-ई नसेल तर मधला रेणू भलत्याच वाटेने जाऊन क्रोमोपायरोलिक आम्ल होतो. यांपैकी ‘रंगाचे जनुक’ कोणते म्हणायचे? खुद्द संशोधकांनाही ही यादी एकदम मिळाली नव्हती. २००० साली क्रोमोबॅक्टेरियममधील या जनुकसमूहाचे जे वर्णन प्रसिद्ध झाले त्यात चारच जनुके होती, आणि शेजारच्या लहानशा पाचव्या जनुकावाचून व्हायोलॅसिन बनत नाही हे २००६ मध्ये स्पष्ट झाले.

कॅरोटिनॉइडांच्या, म्हणजे पिवळ्या ते लाल रंगद्रव्यांच्या एका गटाच्या, बाबतीत तर जनुकागणिक रंग बदलतो. पॅराकॉकस वंशातील एका समुद्री जिवाणूची अॅस्टाझँथिन बनवणारी जनुके १९९५ मध्ये वर्णिली गेली. अशा जनुकांपैकी पहिली तीन ई. कोलायमध्ये घातली तर लालसर लायकोपीन मिळते. चौथे घातले की नारिंगी-पिवळे बीटा-कॅरोटिन होते. आणखी दोन जनुकांनी त्यावर ऑक्सिजन चढवला की पुन्हा लालीकडे झुकणारे अॅस्टाझँथिन.

दाव्यात तथ्याचा अंश नाही असे मात्र नाही. पाचही व्हायो-जनुके एकत्र ई. कोलायमध्ये बसवली तर त्या वसाहती खरोखर जांभळ्या होतात. शिवाय २००० साली कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे उपसागराच्या पाण्यातून मिळालेल्या डीएनएमध्ये सापडलेले प्रोटिओऱ्होडॉप्सिन हे प्रथिन एकाच जनुकाचे आहे आणि त्यातील १०५ व्या स्थानी ल्युसीन असेल तर ते हिरवा प्रकाश, ग्लुटामीन असेल तर निळा प्रकाश अधिक शोषते. एका अमिनो आम्लाने एवढा फरक पडावा हे विलक्षण आहे. परंतु प्रकाश शोषणारा रेटिनल हा भाग त्या प्रथिनाचा स्वतःचा नसतो, ई. कोलायला तो बनवायला लावायचा तर आणखी पाच जनुके द्यावी लागतात.

‘पांढरा जिवाणू म्हणजे रंगाचे जनुक नाही’ हे विधान मला या मजकुरातले सर्वांत चुकीचे वाटते, कारण ते जनुक असणे आणि जनुक चालू असणे यांतला भेदच पुसून टाकते. क्रोमोबॅक्टेरियमचा सीव्ही-०२६ हा उत्परिवर्तित वाण आगरवर, म्हणजे जिवाणू वाढवण्याच्या जेलीसारख्या माध्यमावर, पांढरा वाढतो, तरी त्याची पाचही व्हायो-जनुके शाबूत असतात. मोडलेले असते ते शेजारपाजारच्या पेशींना ‘आपण पुरेसे जमलो आहोत’ असा रासायनिक इशारा देणारा रेणू बनवणारे जनुक. ज्याला कोरम सेन्सिंग म्हणतात ती व्यवस्था हीच. या पांढऱ्या थराच्या आगरमध्ये छोटी खोबणी करून तिच्यात त्या इशाऱ्याचा रेणू, म्हणजे हेक्सॅनॉइल-होमोसेरीन-लॅक्टोन, सोडला की एका रात्रीत खोबणीभोवती जांभळे कडे उमटते. दुसऱ्या जिवाणूंच्या अर्कात असा इशारा आहे का हे तपासण्यासाठी प्रयोगशाळांत हा वाण १९९७ पासून वापरला जातो.

समुद्रातले उदाहरणही आहे. स्वीडनच्या किनाऱ्यालगत सायोना या कंचुकधारी प्राण्याच्या अंगावरून मिळालेला स्यूडोअल्टेरोमोनस ट्युनिकाटा पिवळे टॅम्बजॅमिन आणि जांभळे व्हायोलॅसिन ही दोन्ही बनवत असल्यामुळे गडद हिरवा दिसतो. त्यातील डब्ल्यूएमपी-आर हे नियंत्रक प्रथिन बिघडले की जिवाणू पांढरा पडतो, आणि नुसता रंगच जातो असे नाही, तर पृष्ठभागावर बसू पाहणाऱ्या इतर जीवांना रोखण्याची त्याची शक्तीही जाते. हे प्रथिन स्वतः कोणताही रंग बनवत नाही.

याच्या उलट प्रकार आणखी बोलका आहे. व्हिब्रिओ कॉलरीच्या, म्हणजे पटकीच्या जिवाणूच्या, काही वाणांची वसाहत तपकिरी-काळी होते. टायरोसीनचे विघटन करणाऱ्या साखळीतले एचएमजी-ए हे जनुक बिघडल्यामुळे होमोजेंटिसिक आम्ल साचते, पेशीबाहेर पडते आणि हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून त्याचे पायोमेलॅनिन होते. येथे रंग आला तो जनुक मिळाल्याने नव्हे, जनुक बिघडल्याने. माणसातही याच पायरीचे जनुक सदोष असले तर अल्काप्टोन्युरिया होतो आणि लघवी उघडी राहिली की काळपट पडते. त्या रुग्णात ‘काळ्या रंगाचे जनुक’ आहे असे कोणी म्हणणार नाही.

उन्हाविषयीचे विधान मेलॅनिन आणि काही कॅरोटिनॉइडांपुरते खरे आहे. पण व्हायोलॅसिन बनवणाऱ्या समुद्री जिवाणूंच्या थरावर चरायला आलेले आदिजीव त्या द्रव्यामुळे मरतात, हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामातून दिसले. ट्युनिकाटाचे पिवळे द्रव्य बुरशीला आवर घालते. दक्षिण कोरियातील जेजू बेटाजवळ सापडलेल्या हाहेला चेजुएन्सिस या जिवाणूचे लाल प्रोडिजिओसिन ‘लाल भरती’ आणणाऱ्या शैवालाला मारते. यांपैकी बऱ्याच रेणूंचा रंग हा त्यांच्या रचनेचा आनुषंगिक परिणाम आहे. जिवाणूला त्यातून मिळते ते विष.

मग ‘नैसर्गिक म्हणून निर्धोक’ याला आधार उरत नाही. व्हायोलॅसिन आणि प्रोडिजिओसिन ही दोन्ही प्राण्यांच्या पेशींनाही घातक ठरू शकतात, म्हणूनच तर कर्करोगविरोधी औषधांच्या शोधात त्यांची चाचणी होते. जिवाणूबद्दलही हेच. सप्टेंबर १९५० मध्ये अमेरिकेच्या नौदलाने सॅन फ्रान्सिस्कोजवळ समुद्रातून सेरेशिया मार्सेसेन्स या लाल रंगाच्या जिवाणूचे फवारे शहराकडे सोडले. तो निरुपद्रवी समजला जात होता आणि लाल वसाहतींमुळे त्याचा माग काढणे सोपे होते. त्यानंतर तिथल्या एका रुग्णालयात ११ जणांना याच जिवाणूचा संसर्ग झालेला आढळला आणि एक रुग्ण दगावला. दोन्ही घटनांचा कार्यकारणसंबंध सिद्ध झाला नाही, परंतु सेरेशिया रुग्णालयांत संसर्ग घडवतो याविषयी आज वाद नाही.

राहता राहिले कापड. व्हायोलॅसिनने रेशीम, नायलॉन आणि सूत रंगते, हे प्रयोगांनी दाखवलेले आहे. पण ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. पेशींतून काढायला इथेनॉल किंवा मिथेनॉलसारखे द्रावक लागतात, म्हणजे ‘रसायनांपासून सुटका’ पहिल्याच टप्प्यावर अडते. ई. कोलायमध्ये उत्पादन वाढवायचे तर त्याला ट्रिप्टोफॅन पुरवावे लागते किंवा त्याची चयापचयाची जनुके बदलून ते अधिक बनवायला लावावे लागते, आणि हा खर्च तयार मालाच्या भावात येतो. शिवाय जो रंग जिवाणूला उन्हापासून वाचवतो असे मजकुरात म्हटले आहे, त्या व्हायोलॅसिनने रंगवलेले कापड प्रकाशात ठेवले की फिके पडत जाते.