दारूला सूट दिली का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

(‘सत्तरी ओलांडलेला वाचक’ अशी सही केलीत, म्हणून काका म्हणतोय.) तुमचा राग थोडक्यात असा: यकृताच्या कर्करोगावर लिहिताना मी दारू एका ओळीत उरकली आणि पांढऱ्या काविळीचा, म्हणजे हेपॅटायटिस बीचा, बागुलबुवा उभा केला. रक्तदानात तीच निघालेला तुमचा पुतण्या लेख वाचून दोन रात्री झोपला नाही. आणि दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी म्हणजे डॉक्टरांचीच सोय.

दारूची ओळ अपुरी होती, मान्य. दारूने कर्करोग होतोच, आणि अंगात काविळीचा विषाणू असेल तर पिणं म्हणजे आगीत तेल. आज रात्री तो परिच्छेद वाढवतो.

पण ‘आमच्या गावात लिव्हरने गेलेले सगळे पिणारेच’ हे नाही पटलं. पोटात पाणी होऊन, रक्ताची उलटी होऊन जाणारे पुष्कळदा नुसत्या सिरोसिसने जातात. यकृतावर वण पडत पडत ते कडक, गाठीगाठीचं होतं, तो सिरोसिस. कर्करोग त्यापुढची पायरी. आपण दोन्हींना ‘लिव्हर गेलं’ म्हणून मोकळे होतो. दारू बहुतेक वेळा या सिरोसिसच्या वाटेनेच कर्करोगापर्यंत पोचते. हेपॅटायटिस बीचा विषाणू मात्र आडवाटेनेही जातो. आपला डीएनए तो थेट यकृताच्या पेशीच्या डीएनएत घुसवतो, त्यामुळे सिरोसिस नसतानाही गाठ धरू शकते.

तैवानचं उदाहरण मी मूळ लेखात द्यायलाच हवं होतं. तिथे 1984 मध्ये नवजात बाळांना हेपॅटायटिस बीची लस द्यायला सुरुवात झाली. आधी 6 ते 14 वयाच्या मुलांत यकृताच्या कर्करोगाचं वार्षिक प्रमाण लाखामागे 0.70 होतं, 1990 ते 1994 या काळात ते 0.36 वर आलं. ही पोरं काही गुत्त्यावर जात नव्हती! आपल्याकडे ही लस देशभर सरकारी लसीकरणात यायला 2011 उजाडलं. त्याआधी जन्मलेले आपण बरेचसे तसेच राहिलो.

माझा मामा माळकरी. उभ्या जन्मात थेंब घेतला नाही, आणि तेच आम्हाला नडलं. विशीत कधीतरी रक्तात ‘बी’ निघाली होती. कुणीतरी काविळीचं औषध पाजलं, महिनाभर पथ्य झालं, विषय संपला. पुढे बरगडीखाली दुखू लागलं तेव्हा सगळे म्हणाले, पीत नाही ना, मग लिव्हरचं काही नसणार. गाठ सापडली तेव्हा अकरा सेंटिमीटरची होती. दहाव्याला एकाने मला बाजूला घेऊन विचारलं, ‘चोरून घ्यायचा का रे?’ तुमची प्रतिक्रिया वाचताना तो माणूस आठवला. राग मानू नका.

सोनोग्राफी सरसकट सगळ्यांनी करावी असं मी लिहिलंच नव्हतं. सिरोसिस झालेल्यांनी, आणि जुनी ‘बी’ असलेल्यांपैकी वय, घरातला इतिहास पाहून डॉक्टर सांगतील त्यांनी. यकृताच्या आत दुखणं कळत नाही, वरचं आवरण ताणलं की मगच कळतं. दोन सेंटिमीटरची गाठ कापून किंवा सुईने जाळून काढता येते. मामाच्या गाठीला यातलं काहीच लागू नव्हतं.

आता पुतण्याचं. रक्तपेढीच्या एका रिपोर्टवर झोप उडवायचं कारण नाही, पण तो कपाटात टाकूही नका. सहा महिन्यांनी एचबीएसएजी (‘बी’ अंगात आहे का ते सांगणारी रक्ततपासणी) पुन्हा करायची. तेव्हाही निघाली तर दीर्घकाळची समजायची. मात्र पोटाच्या डॉक्टरांना आत्ताच दाखवा, विषाणूचं प्रमाण आणि यकृताची तपासणी ते सांगतील. औषध लगेच लागेलच असं नाही. लागलंच, तर 2018 मध्ये सुरू झालेल्या काविळीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ते सरकारी केंद्रांवर मोफत मिळतं. झाडपाला तेवढा बंद. एकत्र जेवल्याने, मिठी मारल्याने हा आजार पसरत नाही, त्याचं ताट वेगळं करू नका. दाढीचं ब्लेड मात्र वेगळं हवं. घरातल्या बाकीच्यांचं रक्त तपासा, ज्यांना नाही त्यांना लस द्या. त्याच्या आईचंही तपासायला विसरू नका, बाळंतपणात आईकडूनही पुष्कळांना येते.

त्याचं लग्न झालंय का, ते तुम्ही लिहिलं नाहीत. झालं असेल तर बायकोची तपासणी आधी.