सर्व्हर विकायला रांग लागते, आमचं काम विचारायला एक माणूस नाही

नव्या सर्व्हरची, म्हणजे ऑफिसचा सगळा डेटा ठेवायच्या मुख्य मशीनची, तीन कोटेशन पडलीत टेबलावर. एक १ लाख ८५ हजाराचं, एक ३ लाख ४० हजाराचं आणि एक "महिन्याला थोडे थोडे द्या की मालक" वालं. शेजारी शेजारी ठेवून बघितली तर एकातली ओळ दुसऱ्याशी जुळत नाही. दीड महिना झाला हेच चाललंय, आता डोकं फुटायची वेळ आलीये म्हणून लिहितोय.

आमचा टॉवेलचा कारखाना आहे, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत. आप्पा आणि काका मिळून चालवतात, ऑफिस, बिलं, कॉम्प्युटर हे सगळं माझ्या गळ्यात. एकूण १२ कॉम्प्युटर. अकाउंटला चार, डिस्पॅचला दोन, पॅकिंगला एक, डिझाईनवाल्यांकडे दोन, बाकी केबिनमध्ये. आम्हाला पाहिजे काय तर टॅली सगळ्यांना एकत्र चालावं, जॅकार्डच्या (नक्षी विणायच्या यंत्राच्या) डिझाईनच्या फाईली एका जागी राहाव्यात आणि पार्टीच्या ऑर्डरी सगळ्यांना दिसाव्यात. बास. एवढंच. यात रॉकेट उडवायचं नाहीये.

जुना सर्व्हर विंडोज सर्व्हर २०१२ आर२ वर होता. त्याचा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ लाच संपलाय, म्हणजे तेव्हापासून साधे सिक्युरिटीचे अपडेटपण बंद. हे एएमसीवाल्यानं, म्हणजे वर्षाच्या देखभालीचं कंत्राट घेतलेल्यानं, एकदा तरी तोंडातून काढावं की नाही? वर्षाचे पैसे न चुकता घेऊन गेला, यायचा, ब्लोअर मारून सुताची धूळ उडवायचा, कागदावर सही घ्यायचा आणि जायचा. मला हे कळलं मशीन बसल्यावर.

ते कसं बसलं ते सांगतो. १० एप्रिल, दुसऱ्या दिवशी जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या रिटर्नची, शेवटची तारीख, बाहेर ऊन असं की पत्र्याला हात लागत नाही. दुपारी लाईट गेली. यूपीएसनं दोन मिनिटंपण धरलं नाही, बॅटरी कधीच मेलेली होती आणि तीपण एएमसीतच होती. लाईट आली, सर्व्हर आलाच नाही. काळा स्क्रीन आणि वर पांढऱ्या अक्षरात एक ओळ, डिस्क सापडत नाही म्हणून. आत दोन डिस्क होत्या, रेडमध्ये, म्हणजे एकीवर लिहिलेलं त्याच वेळी दुसरीवरपण लिहिलं जातं. एएमसीवाला छाती ठोकून सांगायचा, "रेड करून दिलंय मालक, एक उडाली तरी दुसरी आहे, बॅकअपचं टेन्शनच नाही." दोन्ही एकदम उडाल्या. आणि समजा एकच उडाली असती तरी रेड म्हणजे बॅकअप नव्हेच ना, इकडची फाईल डिलीट झाली की त्याच क्षणी तिकडचीपण जाते, व्हायरसनं इकडचं लॉक केलं की तिकडचंपण लॉक, हे एवढं साधं त्याला माहिती नसेल तर तो कसला कॉम्प्युटरवाला आणि माहिती असून बोलला असेल तर मग त्याच्याबद्दल लिहायला शब्द नाहीत माझ्याकडे.

मग बाहेरची हार्ड डिस्क काढली. आमचे दिवाणजी रोज संध्याकाळी साडेसहाला ती लावायचे, त्याच माणसानं शिकवलं होतं, "डेस्कटॉपवरचं हे चित्र ओढायचं आणि या डिस्कवर सोडायचं, झालं." दिवाणजींनी एक दिवस चुकवला नाही, वहीत तारीख टाकून टिक करायचे. मी डिस्क जोडली, टॅली डेटा नावाचं चित्र दिसलं, जीव भांड्यात पडला. नीट बघितलं तर खाली डाव्या कोपऱ्यात तो छोटा बाण. शॉर्टकट. १ केबी. रोज संध्याकाळी आमचे दिवाणजी शॉर्टकटचा बॅकअप घेत होते आणि बाण कुठं जातो तर उडालेल्या डिस्ककडे. माझ्या मागं उभे होते ते, त्यांना बाणाचं काही कळलं नाही, एवढंच म्हणाले, "मी तर रोज केलं हो." त्या माणसाच्या तोंडाकडे बघवत नव्हतं मला. त्यांची काय चूक यात? ३० वर्षं आमची पै न पै सांभाळली त्यांनी.

सीएंच्या ऑफिसात सप्टेंबरमध्ये ऑडिटला दिलेला डेटा सापडला, तेवढं नशीब. सप्टेंबर ते एप्रिल सगळ्या एंट्र्या परत मारल्या, चार जण, रात्री दहापर्यंत, २३ दिवस. विक्रीची बिलं ई-इनव्हॉइसमुळे पोर्टलवर तरी होती, पण सुताची खरेदी, मजुरी, डाईंगवाल्याचा हिशोब सगळा कागदावरनं. आणि काकांचं एक बॉर्डरचं डिझाईन, २०११ पासून दरवर्षी ऑर्डर येणारं, ते गेलं. आता डिझाईनवाला पोरगा जुना टॉवेल टेबलावर पसरून भिंग लावून पिक, म्हणजे आडवे धागे, मोजत बसलाय आणि परत काढतोय.

एवढं सगळं झाल्यावर नवीन घ्यायला निघालो, तर बाजारात हे असलं.

एक जण आला तो बसायच्या आधीच म्हणतो, "ओरिजनल कशाला घेताव मालक, मी टाकून देतो की, आख्ख्या एमआयडीसीत आपलंच हाय." क्रॅक, म्हणजे चोरीचं विंडोज. आणि क्रॅक चालावा म्हणून पहिलं काय करणार तर अपडेट बंद. अरे बाबा, २०१७ ला वॉनाक्राय नावाचा फाईली लॉक करणारा व्हायरस आला तेव्हा त्याला अडवणारा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, मार्चमध्येच निघालेला होता, हल्ला झाला मे मध्ये, दोन महिने होते मधे, ज्यांनी अपडेट केलं नव्हतं तेच अडकले. आमच्या डेटावर एकदा पाणी फिरलंय, परत तुझ्या हातानं फिरवून घेऊ? चहा पाजून वाटेला लावला.

१ लाख ८५ हजारवाल्याचं कोटेशन दिसायला सुरेख, मशीन, विंडोज सर्व्हर स्टँडर्डचं १६ कोरचं लायसन्स (कोर म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे भाग), इन्स्टॉलेशन, खाली १८ टक्के जीएसटी. मी रात्री बसून वाचत गेलो तेव्हा कळलं की सर्व्हरचं लायसन्स घेतलं म्हणजे झालं नाही, त्याला जोडणाऱ्या प्रत्येक माणसाला नाहीतर प्रत्येक मशीनला कॅल नावाचं वेगळं लायसन्स लागतं. कोटेशनमध्ये कॅलचा क पण नाही. फोन केला तर म्हणतो, "ते नंतर बघू सर, तसंच चालतंय." चालतंय म्हणजे काय? उद्या कुणी तपासायला आलं तर तू येणार आहेस उत्तर द्यायला? बरं द्यायचं म्हटल्यावर त्यानं माणशी धरून यादी पाठवली. आमच्याकडे दोन शिफ्ट, पॅकिंगच्या एका कॉम्प्युटरवर तीन पोरं आलटून पालटून बसतात, तिथं माणशी तीन कॅल कशाला, मशीनचं एक पुरतं. एवढं विचारायला किती वेळ लागतो? "तुमच्याकडे शिफ्ट आहे का" हा एक प्रश्न. आप्पांना घरून बघायचंय म्हटलं तर "रिमोटनं होतंय की". होतंय, पण दोन जण आत येतात ते फक्त सर्व्हरची देखभाल करायला, रोजच्या कामाला त्याचे आणखी वेगळे कॅल, आणि ते न घेता सुरू केलं की १२० दिवस गोड चालतं आणि मग एका सकाळी कुणालाच आत घेत नाही. आमच्या पलीकडच्या कारखान्यात अस्संच झालं, डिस्पॅचच्या गाड्या उभ्या राहिल्या.

३ लाख ४० हजारवाला टाय लावून आला. फ्युचर प्रूफ, व्हर्च्युअलायझेशन (एकाच मशीनमध्ये अनेक सर्व्हर चालवायचं), दोन प्रोसेसर. १२ कॉम्प्युटरच्या ऑफिसला दोन प्रोसेसर कशाला, तर "उद्या वाढाल ना सर". प्रत्येक प्रोसेसर १६ कोरचा, म्हणजे ३२ कोर, आणि लायसन्स लिहिलंय १६ कोरचं. मशीनमध्ये जेवढे कोर तेवढ्यांचं लायसन्स लागतं, म्हणजे उरलेले १६ परत घ्यायचेच, ते कुठं दाखवलेच नाहीत. वर व्हर्च्युअलायझेशनचे वेगळे पैसे, आणि त्यासाठी लागणारं हायपर-व्ही तर विंडोज सर्व्हरमध्येच येतं! छोट्या ऑफिससाठी इसेन्शियल्स म्हणून आवृत्ती आहे, २५ माणसांपर्यंत कॅल लागत नाही, नव्या मशीनसोबत मिळते, त्याचं नाव तिघांपैकी एकानंपण काढलं नाही. साध्या विंडोज ११ प्रोवर २० मशीनपर्यंत फाईल शेअर करता येतात, आमची तर १२ च आहेत, हेपण मला रात्री दीडला लायसन्सचा करार वाचताना सापडलं. का सांगत नाहीत? त्यात सुटत काय नाही त्यांना, दुसरं कारणच नाही.

महिन्यावाला क्लाऊड विकतोय, म्हणजे सर्व्हर त्यांच्याकडे, आपण इंटरनेटवरनं वापरायचा. डेटा मुंबईतल्या नाहीतर पुण्यातल्या डेटासेंटरला राहील म्हणतो, ते ठीकच आहे. पण रस्ता खोदला की आमची केबल तुटते आणि दोन दोन दिवस कुणी फिरकत नाही, तेव्हा बिल कसं काढायचं याला त्याचं उत्तर "मोबाईलचं हॉटस्पॉट". १२ कॉम्प्युटरला हॉटस्पॉट! पाच वर्षांचे मिळून किती होतील ते लिहून दे म्हटलं तर अजून देतोय.

आणि आता लिनक्सवाले, म्हणजे विंडोजऐवजी फुकटची सिस्टीम टाका म्हणणारे. पुण्यातला माझा मित्र रोज फोन करतो, "कशाला पैसे घालवलालास बे, डेबियन टाक, सांबा टाक, विषय संपला." डेबियन हा लिनक्सचा एक प्रकार, सांबा त्यावरचं फाईली वाटायचं सॉफ्टवेअर. तो खोटं बोलत नाही. सांबा १९९२ पासून आहे, विंडोजच्या मशीनना फाईली वाटायचं काम चोख करतं, कॅल नाही बिल नाही. पण फुकट म्हणजे डोळे झाकून घ्यावं असंपण नाही, सेंटओएस ८ या दुसऱ्या फुकटच्या लिनक्सला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार म्हणून लोकांनी बसवलं आणि २०२० च्या डिसेंबरात जाहीर झालं की २०२१ संपलं की बंद, मग पळा अल्मा नाहीतर रॉकी नावाच्या लिनक्सकडे. माझं त्याला एकच विचारणं आहे, रात्री नऊला बंद पडलं तर दारात कोण येणार? ज्याला हे येतं ती सोलापूरची पोरं पुण्याला गेली नाहीतर हैदराबादला. इथं उरलेत ते ब्लोअर मारणारे.

मी सगळ्यांना तोच प्रश्न विचारला. मशीन जळालं तर किती तासात परत बिल निघेल, डेटा कधीपर्यंतचा मिळेल, आणि हे माझ्यासमोर करून दाखव. आमची प्रायव्हेट लिमिटेड आहे, हिशोबाच्या पुस्तकांचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर पाहिजे हा नियमच आहे, २०२२ पासून, म्हणजे मी काही जगावेगळं मागत नाहीये. एक हसला. एक म्हणाला "असं होत नाही हो सर". आणि टायवाला म्हणाला बॅकअप टेस्टिंगचे २५ हजार वेगळे. वेगळे! ज्याच्यासाठी सर्व्हर घ्यायचा तेच वेगळं!

उद्या ११ वाजता १ लाख ८५ हजारवाला परत येतोय. त्याला सांगितलंय, नवीन कोटेशन आणू नको. आमच्या डेटाची कॉपी घे, पॅकिंगचा रिकामा केलेला कॉम्प्युटर देतो, त्यावर दिवाणजींच्या समोर परत चढव आणि कालच्या तारखेचं बिल उघडून त्यांना दाखव. दिवाणजींनी त्यांच्या वहीत टिक केली तर ॲडव्हान्सचा चेक तिथंच फाडतो, नाहीतर त्यानं जिन्यानं खाली जायचं.