वडापाव सोडून 18,000 कसे वाचतात, ते दाखवाच

पगार घटला की घरोघरच्या काकांचा पहिला सल्ला ठरलेला: बाहेरचा चहा-वडापाव बंद करा. बरं, केला. 20 रुपयांचा वडापाव, महिन्याचे 22 कामाचे दिवस, 440 रुपये वाचले. पगार 60,000 वरून 42,000 वर आलाय. उरलेले 17,560 कुठून काढायचे, सुक्या चटणीतून?

हिशेब मांडा की सरळ. घराचा हप्ता 21,000. सोसायटीचा मेंटेनन्स 3,200. शाळेची फी आणि बस, महिन्याला वाटून 5,000. वीज, गॅस, मोबाईल 3,000. झाले 32,200. हातात 9,800. त्यातले जवळपास 2,000 रोजच्या लिटरभर दुधाला गेले. उरलेल्यात किराणा, भाजी, लोकलचा पास, औषधं. म्हणजे दिवसाला 260 रुपये. यात उधळपट्टी कुठे आहे ते काकांनी बोट ठेवून दाखवावं. जूनच्या वह्या-रेनकोट आणि गणपती यात धरलेलेच नाहीत.

खरी वाट लावतात त्या तारखा. पगार आता 1 ऐवजी 8 तारखेला, तोही दोन तुकड्यांत. हप्ता मात्र 5 तारखेलाच खात्यावर धडकणार. शिल्लक नसली की कर्ज देणारा बाउन्सचे पैसे लावतो आणि तुमची स्वतःची बँक वेगळे लावते. दोन्हीकडचं मिळून हजाराच्या आसपास सहज जातात. काही कर्ज देणारे तोच हप्ता त्याच महिन्यात पुन्हा वसुलीला टाकतात, म्हणजे पुन्हा दंड. एका फटक्यात दोन महिन्यांचे वडापाव गेले! हप्ता चुकायच्या आधी लेखी अर्ज करा, तारीख 10 च्या पुढे मागा. मुदत वाढवून हप्ता कमी करून देतो म्हणाले, तर कर्जाची पुनर्रचना अशी नोंद क्रेडिट रिपोर्टवर जाणार का, हे सही करायच्या आधी विचारा. थकलेल्या हप्त्याचा दंड मुद्दलात मिसळून त्यावर पुन्हा व्याज लावायला रिझर्व्ह बँकेने 2024 पासून मनाई केली आहे. स्टेटमेंटमध्ये तसं दिसलं तर सोडू नका.

आणि ते क्रेडिट कार्डाचं 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली किमान भरायची रक्कम. काय गोड शब्द! 40,000 थकले आहेत, 5 टक्क्यांप्रमाणे 2,000 भरले. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे 1,400. त्यावर 18 टक्के जीएसटी, 252. तुमच्या 2,000 मधून कर्ज फिटलं किती? 348 रुपये. वर बिल थकलेलं असताना त्याच कार्डावर तांदूळ-तेल घेतलं, तर त्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. पहिल्या दिवसापासून मीटर सुरू. थकबाकी असेपर्यंत ते कार्ड किराण्याला वापरूच नका.

नोकरीच सुटली असेल तर आणखी एक. दोन-तीन महिने पगार आला नाही की पगाराचं खातं गुपचूप साधं बचत खातं होतं आणि किमान शिल्लक नाही म्हणून काही बँका पैसे कापायला लागतात. कापून कापून खातं उणे करता येत नाही, हा नियम आहे. पण शून्यापर्यंत नेतातच. बँकेत जाऊन ते बेसिक बचत खात्यात बदलून मागा. तिथे किमान शिल्लकेची अट नसते.

वीज वाचवा म्हणून मुलांच्या मागे लागणारे तर धन्यच. 9 वॉटचा एलईडी रोज चार तास जळला तर महिन्याला एक युनिट. 2,000 वॉटचा गीझर रोज अर्धा तास चालला तर 30. दिव्यावरून घरात भांडणं आणि गीझर मजेत! जुना पंखा 75 वॉटचा, तो रोज 12 तास फिरला की 27 युनिट. शंभरी ओलांडली की सगळ्या बिलाचा दर चढतो, हाही गैरसमजच. चढा दर 101 व्या युनिटापासून पुढच्याच युनिटांना लागतो.

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते यावर, की हातात कमी असलं की तीच वस्तू महाग पडते. लोकलचा तीन महिन्यांचा पास महिन्याच्या पासाच्या 2.7 पट. एकरकमी पैसे नाहीत म्हणून दर महिन्याला काढणारा पूर्ण 3 पट भरतो. तेलाचा डबा परवडत नाही म्हणून पिशवी घ्यायची, आणि 'लिटर'सारखी दिसणारी ती पिशवी 910 ग्रॅमची (एवढं लिटरभर तेलाचं वजन) नाही तर 750 ची निघते. एमआरपीशेजारी दर ग्रॅमचा भाव छापलेला असतो, तो बघा. पुढचं चित्र बघू नका. वाण्याच्या वहीवर उधारी चालते, पण तिथे भाव छापील, सूट नाही. भिशीचा हप्ताही थांबत नाही, कारण तिथे शेजारणींची तोंडं बघायची असतात.

मग कुणीतरी शहाणा सुचवतो, मेडिक्लेम बंद करा, वर्षाचे पंधरा-वीस हजार वाचतील. वार्षिक हप्त्याला 30 दिवसांची सवलत असते. ती उलटली की पॉलिसी गेली, आणि बीपी-शुगरचा खर्च मिळायला लागेपर्यंत काढलेली दोन-तीन वर्षांची प्रतीक्षाही पाण्यात. नवी काढली की पुन्हा पहिल्यापासून. बंद करू नका, नूतनीकरणाच्या वेळी हप्ता मासिक करून मिळतो का ते विचारा. मात्र मासिकाला सवलत 15 दिवसांचीच, तेव्हा कालनिर्णयवर दुधाच्या खाड्यांशेजारी ती तारीखही लिहा, लाल पेनाने.