डेमोच्या व्हिडिओतून काय कापले आहे?

मागच्या आठवड्यात वाशीच्या मावशीने मला एका एआय चष्म्याचा व्हिडिओ पाठवला आणि खाली विचारले, "घेऊ का रे? औषधाच्या पट्टीवरचं वाचून दाखवतो म्हणे." मधुमेहामुळे तिची नजर अधू झाली आहे, त्यामुळे हा प्रश्न हौसेचा नव्हता. मी तो व्हिडिओ चार वेळा पाहिला. प्रत्येक प्रश्नानंतर दृश्य बदलत होते, आणि उत्तर यायला किती वेळ लागला हे कुठेच कळत नव्हते.

महापेला सॉफ्टवेअर तपासण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे. डेमोच्या आदल्या दिवशी, जे हमखास चालते तेवढेच दाखवायचे, हे आम्हीही ठरवतो, आणि त्यात मला गैर वाटत नाही. पण यंत्राने न केलेले काम त्याच्या नावावर दाखवणे ही वेगळी गोष्ट आहे. डिसेंबर २०२३ मध्ये गूगलने जेमिनी या आपल्या एआयचा जो व्हिडिओ दाखवला, त्यात माणूस बदकाचे चित्र काढतो आणि जेमिनी ते पाहत त्याच्याशी बोलत असल्याचा भास होतो; प्रत्यक्षात स्थिर चित्रे आणि लिहून दिलेल्या सूचना वापरल्या होत्या, हे कंपनीनेच नंतर मान्य केले. टेस्लाच्या २०१६ च्या स्वयंचलित गाडीच्या व्हिडिओतला रस्ता आधीच नकाशाबद्ध केलेला होता आणि सरावाच्या फेऱ्यांत चालकांना मध्ये पडावे लागले होते, हे त्यांच्याच अभियंत्याने शपथेवर सांगितले.

म्हणूनच सप्टेंबर २०२५ मध्ये मेटाच्या चष्म्याचा थेट डेमो सर्वांसमक्ष फसला, तेव्हा मला त्या कंपनीविषयी थोडा आदर वाटला. स्वयंपाक्याने सॉसची कृती सुरुवातीपासून विचारली, तर चष्मा अजून न केलेल्या पायऱ्या झाल्याच आहेत असे धरून पुढचे सांगत राहिला. पुढे कंपनीच्या तंत्रप्रमुखांनी कारणही उघड केले: स्वयंपाक्याने चष्म्याला दिलेल्या हाकेने त्या इमारतीतले सगळेच चष्मे एकदम जागे झाले आणि सर्व्हरवर ताण आला. ग्राहकाला हेच कळायला हवे असते, कारण वाशी स्टेशनच्या गर्दीत, कमकुवत नेटवर्कवर, मराठीत विचारल्यावर काय होईल याचा अंदाज त्यावरूनच बांधता येतो.

शिवाय वस्तू टिकेल का हाही प्रश्न आहेच. ह्युमेन कंपनीची ६९९ डॉलरची, कपड्यांवर लावायची एआय पिन एप्रिल २०२४ मध्ये लोकांच्या हाती पडू लागली आणि २८ फेब्रुवारी २०२५ रोजी तिची सेवा बंद झाली.

मावशीला मी नाही म्हटलेले नाही. खरोखर चालणारा चष्मा मिळाला तर तिला दर वेळी शेजारच्या मुलीला हाक मारावी लागणार नाही, आणि ते मला फार हवे आहे. रविवारी आम्ही दुकानात जाणार आहोत. ती औषधाच्या तीन पट्ट्या आणि महावितरणचे मराठी बिल घेऊन येईल. मी घड्याळ लावून प्रत्येक उत्तराला लागलेले सेकंद लिहून घेईन, आणि दुकानदाराने परवानगी दिली तर बाहेर रस्त्यावर उभे राहून एनएमएमटीच्या बसची पाटीही वाचायला सांगू.